जकातनाक्यावरून उठताना

सामान्य काळातील पंचविसावा रविवार
वाचने : आमोस ८:४-७, १ तीमथ्य २:१-८, लूक १६:१-१३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. धन्याचा पैसा सांभाळायचा, कोणाकडून किती येणे आहे त्याचे कागद ठेवायचे आणि वेळ आली की हिशेब द्यायचा, हे त्याचे काम. आजच्या भाषेत सांगायचे तर तो फायनान्समधला माणूस. एक दिवस त्याची नोकरी जाणार हे नक्की होते. दुसरी नोकरी हातात नाही. तो स्वतःशी विचार करतो, आता काय करू? मेहनतीचे काम शरीराला झेपणार नाही आणि दुसऱ्यापुढे हात पसरायचा तर लाज वाटते.

हा प्रश्न आज आपल्या घरांतही विचारला जातो. फरक एवढाच, की त्या कारभाऱ्याला काढून टाकले जात होते आणि आपली मुले विचारतात, "फादर, मी स्वतःहून सोडू का?" रेवदंडा, चौल, कोर्लई या पट्ट्यातली आपली मुले-मुली शिकली. कोणी बी.कॉम. झाले, कोणी एम.बी.ए., कोणी सी.ए. मुंबईला, पुण्याला, आखातात बँकांमध्ये, विमा कंपन्यांमध्ये, कर्ज देणाऱ्या कंपन्यांमध्ये लागली. आईवडिलांनी देवाचे आभार मानले, मिस्सा अर्पण केली. आता चार-पाच वर्षांनी त्यांच्यातलेच काही जण हळू आवाजात सांगतात, "आता सहन होत नाही."

घरच्यांना हे लवकर समजत नाही. आपल्याकडे पूर्वी कामाचा थकवा अंगावर दिसायचा. रात्रभर समुद्रावर राहून आलेला किंवा नारळ-पोफळीच्या वाडीत दिवसभर राबलेला माणूस दारात आला की घरचे म्हणत, आधी बस, पाणी पी. आज मुलगा थंडगार ऑफिसात बसतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि एक तारखेला पैसे पाठवतो. त्याला कसला थकवा, असे आपल्याला वाटते. महिन्याचे टार्गेट, रात्री अकराला येणारा साहेबांचा फोन, सुट्टीच्या दिवशी उघडलेला लॅपटॉप, महिनाअखेर जवळ आली की वाढणारी छातीतली धडधड, यातले काही आपल्याला दिसत नाही. तो शनिवारी मांडव्याला बोटीतून उतरून घरी येतो, हसतो, बोलतो. आणि रविवारी दुपारपासून गप्प होतो. आई विचारते, "जेवण आवडलं नाही का?" जेवणाचा काही दोष नसतो. सोमवार जवळ आलेला असतो.

अशा मुलाला आपण दोन प्रकारचे सल्ले देतो. एक जण म्हणतो, "देवावर भरवसा ठेव आणि उद्याच राजीनामा दे. आकाशातल्या पाखरांना तो खाऊ घालतो, तुला नाही का घालणार?" दुसरा म्हणतो, "देवाने दिलेली नोकरी आहे. हा तुझा क्रूस समज आणि वाहत राहा." दोघेही देवाचे नाव घेतात. पण पहिला त्याचा कर्जाचा हप्ता भरणार नाही आणि दुसरा त्याच्याऐवजी रात्री जागणार नाही. म्हणून या दोन्ही सल्ल्यांच्या आधी पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू या.

पैशाच्या कामातली माणसे शुभवर्तमानात तीनदा ठळकपणे समोर येतात, आणि तिन्ही वेळा त्यांना मिळालेले उत्तर वेगळे आहे. पहिल्यांदा जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान कडक बोलणारा माणूस. तरीही तो त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा जास्त वसूल करू नका, एवढेच सांगतो. दुसऱ्यांदा यरीहो गावात जक्कय भेटतो. तो जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे ठरवतो. त्याने हुद्दा सोडला असे संत लूक कुठेही लिहीत नाही. तिसरा मत्तय. त्याचा सण आपण २१ सप्टेंबरला, म्हणजे याच दिवसांत साजरा करतो. बँकेत आणि हिशेबाच्या कामात असलेल्यांचा तो आश्रयदाता संत आहे. तो जकातनाक्यावर बसला होता. येशूने बोलावले आणि तो सगळे सोडून उठला. पुढची नोकरी हातात नसताना उठला.

एकच धंदा, पण उत्तरे तीन. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'सोडावी की सोडू नये' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा आहे : ही नोकरी माझ्याकडून नक्की काय मागते आहे? माझा घाम, माझा विवेक, की माझा जीव?

घाम मागत असेल तर तो द्यावा. कुठलेही प्रामाणिक काम घाम मागते. नवीन साहेब आवडत नाही, मित्राला जास्त पगार आहे, बढती हुकली, काम कंटाळवाणे झाले, एवढ्यासाठी हातची नोकरी सोडणाऱ्याने योहानाचे उत्तर आठवावे. आहे तिथे नीट वागून पाहावे. बदली मागता येते, विभाग बदलून मागता येतो, साचलेली रजा घेता येते. रविवार हा प्रभूचा दिवस आहे, त्या दिवशी मी उपलब्ध नसेन, हे नम्रपणे आणि ठामपणे सांगता येते. बऱ्याचदा आपण हे एकदाही न सांगताच मनातल्या मनात राजीनामा लिहीत असतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी जे परिपत्र लिहिले, त्यात त्यांनी शिकवले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. ही शिकवण आपल्या वरिष्ठांना माहीत नसेल, पण निदान आपल्याला तरी माहीत असायला हवी.

विवेक मागत असेल तर गोष्ट वेगळी. आजचे पहिले वाचन पुन्हा एकदा घरी जाऊन वाचा. आमोस हा मेंढरे राखणारा, उंबराच्या जातीची झाडे जोपासणारा साधा माणूस. तो बाजारातल्या व्यापाऱ्यांवर संतापतो. ते माप लहान करतात, वजन खोटे ठेवतात, धान्यात भुसा मिसळून विकतात आणि शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहतात. तेव्हाचे माप आज संगणकात गेले आहे. मुदत ठेव ठेवायला आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात तिला न कळणारी पॉलिसी मारायची. कर्ज मागणाऱ्याला नको असलेला विमा घ्यायला लावायचा. कोऱ्या अर्जावर सही घेऊन आकडे नंतर भरायचे. हप्ता थकलेल्या माणसाचा शेजाऱ्यांसमोर पाणउतारा करायचा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले, की वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. कर्जदाराला एवढे तरी संरक्षण आहे. वसुलीच्या टेबलावर बसलेल्या आपल्या मुलाला मात्र 'आज किती झाले' म्हणून रात्रीही विचारले जाते.

सगळे बँकवाले असे करतात असे कोणी समजू नये. प्रामाणिकपणे, लोकांना मदत करत नोकरी करणारे कितीतरी जण आपल्याच धर्मग्रामात आहेत आणि त्यांच्यामुळे कित्येक घरांची छपरे उभी राहिली. पण ज्याला रोज खोटे बोलल्याशिवाय टार्गेट पूर्ण करता येत नाही, त्याची झोप उडाली असेल, तर त्याने त्याला केवळ 'स्ट्रेस' म्हणू नये. तो विवेकाचा आवाजही असू शकतो. त्यावर झोपेची गोळी हा उपाय नाही. पोप संत ग्रेगरी थोरले यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रवचनात एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती. पुनरुत्थानानंतर पेत्र पुन्हा मासेमारीला गेला, पण मत्तय पुन्हा जकातनाक्यावर जाऊन बसला नाही. जाळे टाकून पोट भरणे आणि जकातीच्या पैशाने घर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कामाकडे शुद्ध मनाने परत जाता येते, ते काम चांगलेच. ज्या कामात पाप टाळताच येत नाही, तिथून उठावे. दुसरी जागा मिळालेली नसली तरी उठावे. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी होत नाही, असे येशू आज आपल्याला सांगतो तेव्हा तो हेच सांगत असतो.

आणि नोकरी जीव मागत असेल तर? इथे मला आपल्याच राज्यातली एक घटना आठवते. केरळच्या ॲना सेबॅस्टियन पेरायिल या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट मुलीने मार्च २०२४ मध्ये पुण्यात ईवाय या मोठ्या कंपनीत पहिली नोकरी धरली. जुलै २०२४ मध्ये ती गेली. तिची आई अनिता ऑगस्टिन यांनी कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि सप्टेंबरमध्ये ते सगळीकडे वाचले गेले. मृत्यू कामाच्या ताणाने झाला हे कंपनीने मान्य केले नाही, आणि तो निवाडा करणे आपले काम नाही. पण आईने जे लिहिले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे. पदवीदान समारंभासाठी आईवडील पुण्याला आले, तेव्हा मुलगी छातीत दडपण येते म्हणत होती. डॉक्टरांनी तपासले. झोप पुरेशी नाही, जेवण अवेळी होते, असे निघाले. तरी ती कामाला गेली. घरच्यांनी नोकरी सोड म्हटले होते. तिला मात्र शिकायचे होते, मागे हटायचे नव्हते. आळशी किंवा नाजूक मुलीची ही गोष्ट नाही. हुशार आणि कष्टाळू माणूसच बहुधा वेळेवर थांबत नाही.

'खून करू नको' ही देवाची पाचवी आज्ञा आपल्या स्वतःच्या जिवालाही लागू आहे. शरीर आणि मन ही देवाने आपल्याकडे सांभाळायला दिलेली ठेव आहे. तिचे कारभारी आपण आहोत आणि हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे. दर सोमवारी उलटी होते, महिनोन्महिने झोप नाही, रडू आवरत नाही, समुद्राकडे पाहताना नको ते विचार येतात, असे कोणाचे होत असेल तर त्याने पुढची नोकरी मिळेपर्यंत थांबू नये. आधी डॉक्टरकडे जावे. सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची मदत १४४१६ या क्रमांकावर मिळते. मग रजा घ्यावी, आणि लागली तर नोकरीही सोडावी. यात विश्वास कमी पडला असे काही नाही. संदेष्टा एलीया थकून एका झुडपाखाली पडला आणि देवा, आता मला ने, असे म्हणाला. देव त्याच्यावर रागावला नाही. त्याने आधी त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. पुढचे काम नंतर सांगितले. देवाने जो क्रम पाळला तो आपणही पाळावा.

आता सोडायचे ठरले तर कसे सोडावे? येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहते. आपल्या रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणी बुरूज आहे. सात खणांपैकी आज मोजकेच उभे आहेत. तिथे फिरायला गेलात तर हा दाखला आठवा. संत फ्रान्सिस झेवियर यांनी याच किल्ल्यात प्रवचन केले असे आपण परंपरेने ऐकत आलो. त्यांचे गुरू आणि मित्र संत इग्नेशियस यांनी निर्णयाविषयी एक नियम घालून दिला आहे : मन काळोखात असताना आधीचा निश्चय बदलू नये. म्हणजे साहेबांनी अपमान केला त्या रात्री राजीनामा लिहू नये. मन थोडे शांत झाले की तीन गोष्टी कराव्यात. एक, माझ्याच स्थितीत सापडलेला एखादा अनोळखी माणूस माझ्याकडे आला तर त्याला मी काय सांगेन, याचा विचार करावा. दोन, मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना मी कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटले असते, ते पाहावे. तीन, देवासमोर हिशेब देताना काय केलेले मला हवे असेल, ते पाहावे. या तिन्हींचे उत्तर पुन्हा पुन्हा एकच येत असेल तर ते गंभीरपणे घ्यावे.

त्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावे, आणि एकट्याने नाही, नवरा-बायकोने मिळून बसावे. घरखर्च किती, हप्ता किती, किती महिने पगाराशिवाय निघतील, नोटीस किती दिवसांची, कंपनीचा आरोग्य विमा बंद झाल्यावर आईवडिलांचे काय. आपल्या कोळी बांधवांना हे शिकवावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि मिळकत थांबलेली असते. पण त्याची तयारी आधीपासून केलेली असते आणि त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग लागतो. बंदीच्या काळात घरी असलेल्या कोळ्याला कोणी बेकार म्हणत नाही. नोकरी सोडून चार महिने घरी राहिलेल्या मुलाकडेही आपण तसेच पाहिले, तर त्याची अर्धी भीती कमी होईल.

ज्यांना आज सोडणे खरोखर शक्य नाही, घरात आजारपण आहे, कर्ज डोक्यावर आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, त्यांना कोणी भित्रे समजू नये. देव त्यांचा कमीपणा मोजत नाही. त्यांनी मनात एक मुदत ठरवावी, रोज थोडे पुढच्या कामासाठी शिकावे, आणि तोवर निदान एका माणसाला तरी खरे सांगावे. गुपचूप सोसल्याने ओझे हलके होत नाही.

इथेच आपल्या सर्वांचा प्रश्न येतो. आजच्या दाखल्यातला कारभारी लबाड होता आणि त्याच्या लबाडीचे कौतुक येशू करत नाही. पण एक गोष्ट त्याला वेळेवर उमगली. नोकरी गेल्यावर हुद्दा दारात उभे करत नाही. कोणीतरी आपल्याला घरात घ्यावे लागते. मग विचार करू या, आपल्या मुलाला नोकरीशिवाय घरी यावेसे वाटेल असे आपले घर आहे का? की 'लोक काय म्हणतील' हा पाहुणा त्याच्या आधी येऊन बसलेला आहे? मिस्सेनंतर अंगणात भेटल्यावर आपला पहिला प्रश्न 'सध्या कुठे आहेस, पॅकेज काय?' असा असतो. पुढच्या रविवारपासून 'कसा आहेस?' असे विचारून पाहू या, आणि उत्तर ऐकायला थोडे थांबू या. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांतही आजाऱ्यांची नावे प्रार्थनेसाठी येतात, तशी कामाच्या ओझ्याने दबलेल्यांची नावेही यावीत. कोणाचा एक महिन्याचा किराणा गाजावाजा न करता भरता येतो. कोणाची एखाद्या प्रामाणिक मालकाशी ओळख करून देता येते.

शेवटी पुन्हा संत मत्तयकडे येऊ. तो उठला, पण तोंड लपवून निघून गेला नाही. त्याने आपल्या घरी मोठी मेजवानी दिली, जुने सोबती जकातदार बोलावले आणि येशूशी त्यांची गाठ घालून दिली. तो फक्त नाका सोडून गेला नव्हता, तो येशूच्या मागे गेला होता. आणि नाक्यावर शिकलेले काही वायाही गेले नाही. दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झालेला निर्दय चाकर, द्राक्षमळ्यात उशिरा आलेल्यांना मिळालेली पूर्ण मजुरी, माशाच्या तोंडात सापडलेले नाणे, या गोष्टी फक्त त्याच्या शुभवर्तमानात आहेत. येणे-देणे ओळखणारा हातच तिथे दिसतो. देवाने त्याची खुर्ची सोडवली, पण त्याचे कौशल्य वाया जाऊ दिले नाही. आज जो आपली खुर्ची सोडायला घाबरतो आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू नाझरेथात सुताराचे काम केलेस आणि थकलास तेव्हा विहिरीपाशी बसलास. आमच्या मुलांना घाम गाळण्याची शक्ती दे, विवेक न विकण्याचे धैर्य दे आणि जीव सांभाळण्याचे शहाणपण दे. ज्यांना थांबायचे आहे त्यांना थांबव, ज्यांना उठायचे आहे त्यांना हात दे. आणि ते रिकाम्या हाताने दारात आले, तर दार उघडणारे आम्हाला कर. आमेन.